सटवाईची राखण आणि सटवाईचा लेख

या अंकासाठी आलेल्या कवितांच्या गठ्ठ्यात दोन कविता सटवाईवर आहेत. दोन्ही कवी सोलापूरचे, दोघेही पंचविशीच्या आतले, दोघेही चळवळीत राबणारे. एकाने सटवाईला चपलेने मारलं आहे. दुसऱ्याने तिला आदिमाता करून डोक्यावर घेतलं आहे. परवा सात रस्त्यावर चहाच्या गाड्याशी दोघांची जुंपली. पहिला म्हणाला, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि पाचवी पुजतो, लाज वाटत नाही?" दुसरा म्हणाला, "ती काय बामणाची देवी हाय का? पाट्यावरवंट्याची देवी हाय, आपल्या आयांची." भांडण मिटलं नाही. मिटू नये असंच ते भांडण आहे. पण कविता म्हणून बघाल तर दोन्ही फसल्या आहेत, आणि फसण्याचं कारण एकच आहे. दोघांनीही सटवाई नीट पाहिलेली नाही.

संस्कृतात षष्ठी, आपल्याकडं सटवी, सटवाई. लेकरू जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री ती येते अशी समजूत. त्या रात्री पाटा-वरवंटा मांडतात, दिवा विझू देत नाहीत, बाया जागतात. लेकराच्या उशाला विळा नाहीतर अडकित्ता ठेवतात. कितीतरी घरांत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण त्या रात्री लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिलं जातं. पुढं कित्येक महिने लेकराच्या झोपेचा ताबा तिच्याकडं. झोपेत हसलं की म्हातारी म्हणणार, "लेकरू हसायलंय बग, सटवाई खेळवायलीय त्याला." ओठ काढून मुसमुसलं की, "भिववायलीय गं, हात ठेव अंगावर." आणि कुणी असंही सांगतं, की सटवाई झोपलेल्या लेकराच्या कानात म्हणते, "तुझी आई मेली." लेकरू हसतं. आत्ताच तर ते आईच्या अंगावर पिऊन झोपलेलं असतं, ही थाप आहे हे त्याला ठाऊक असतं.

ही शेवटची गोष्ट दोघाही कवींनी सोडून दिली. का सोडली? एवढी तयार कविता आपल्या आज्ज्यांनी करून ठेवली आहे. लेकराचा भरवसा देवीवर नाही, आईच्या दुधावर आहे, हे तिच्यात सरळ सांगितलं आहे.

तर सटवाईकडं दोन कामं आहेत. एक राखणीचं : झोपेत, स्वप्नात लेकराला सांभाळायचं. दुसरं लिहिण्याचं : त्याचं पुढचं सगळं जिणं कपाळावर नोंदवायचं. ही दोन कामं वेगळी आहेत. पहिल्या कवीने दुसऱ्या कामाच्या रागात पहिलंही झोडपलं. दुसऱ्याने पहिल्याच्या मायेत दुसरंही पदरात घेतलं. माझं म्हणणं एवढंच, की राखण आपली आहे आणि लेख आपला नाही. आपल्या लिहिण्यात या दोन गोष्टी वेगळ्या पडल्या पाहिजेत.

पहिली कविता घ्या. तिच्यात एक म्हातारी आहे. कवी तिला अडाणी म्हणतो, दगडाला शेंदूर फासणारी म्हणतो, आणि शेवटी तिच्या हातातला दिवा फुंकून टाकतो. मित्रा, तो दिवा कशासाठी होता? सहावीच रात्र का? पाचव्या-सहाव्या दिवशी लेकरू दूध ओढायचं बंद करायचं, जबडा आवळायचा, अंग धनुष्यासारखं ताणायचं आणि जायचं. तो धनुर्वात. मळक्या विळ्याने कापलेल्या नाळेतून शिरणारा. जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत दिसणारा, बहुतेकदा पहिल्या आठवड्याच्या आसपास. उशाला ठेवलेला विळा आणि नाळ कापणारा विळा एकच असेल, तर ज्याने मारलं त्यालाच राखायला बसवलं, असं ते होतं. म्हातारीला रोगाचं कारण कळलं नाही, पण दिवस बरोबर कळला. आपली लेकरं कोणत्या रात्री जातात हे तिने मोजून ठेवलं होतं. शाळा नाही, दवाखाना नाही, दवाखाना असला तर आत घेत नाहीत. अशा वेळी माणूस जागण्यापलीकडं काय करणार?

हा धनुर्वात देवीने नाही थांबवला. गरोदरपणातल्या इंजेक्शनाने, स्वच्छ पात्याने आणि दवाखान्यातल्या बाळंतपणाने थांबवला. देशात सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला, आणि २०१५ साली आया व नवजात लेकरांच्या धनुर्वाताचं निर्मूलन भारताने केल्याचं जाहीर झालं. झोपेतलं हसू तर अगदी साधं आहे. नवजात लेकराची जवळजवळ निम्मी झोप अशा अवस्थेत जाते, की पापण्यांखाली डोळे फिरतात आणि ओठ आपोआप हलतात. हे सगळं पोरांना सांगायलाच पाहिजे. पण विज्ञानाच्या नावावर आज्जीला लाथ मारणं ही काही वैज्ञानिक दृष्टी नाही. ती गावच्या पाटलाचीच दृष्टी आहे, फक्त पुस्तकं वाचलेली.

बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६) या कवीने पुन्हा वाचावं. महारवाड्यातली कोवळी बाळंतीण, पोटात अन्न नाही, अंगाखाली चिंधी नाही, सुइणींचे अजाण हात, मेलेल्या पोरी, मेलेली लेकरं. आणि आषाढात त्याच बाया अंगात घेऊन घुमतात. बेबीताई अंधश्रद्धा झाकत नाहीत, तिच्यावर आसूड ओढतात. पण आसूड ओढताना त्या स्वतः त्याच घरात उभ्या आहेत. भूक आणि देव एकाच पानावर येतात, म्हणून देव कुठून आला ते कळतं. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) लिहिली, तीही अशीच घराच्या आतून. पहिल्या कवितेत आत कुणीच नाही. कवी दारात उभा राहून ओरडतोय.

आता दुसरी कविता. ती वाचायला गोड आहे आणि म्हणून जास्त धोक्याची आहे. सटवाई ही अनार्यांची, श्रमिकांची, दगडातली आई. सवर्णांच्या घरात श्रावणात कागदावरची जिवती, आमच्या झोपडीत बिनचेहऱ्याची सटवाई. म्हणून ती आपली, असा तिचा एकंदर सूर. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पायी हिंडून मातृदेवतांची ठाणी धुंडाळली, 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) लिहिलं, हे कवीने वाचलेलं दिसतं. छान. पण कोसंबींनी ठाणी शोधली ती समाज कसा घडला हे कळावं म्हणून. पुन्हा तिथं नारळ फोडावा म्हणून नाही. बामणाची नाही एवढ्यावर एखादी गोष्ट मुक्तीची होत नाही. गावकुसाबाहेरचे पोतराज, देवाला सोडलेल्या मुरळ्या, हेही बामणाच्या घरातले नव्हते. ते आपल्याच अंगावर होते आणि आपल्यालाच खात होते.

आणि त्या लेखणीचं काय? कवितेत दिवा आहे, पाटा आहे, वरवंटा आहे, हळद आहे. कोरा कागद आणि लेखणी कवीने गाळली. हे गाळणं निष्पाप नाही. ज्या घरात एकालाही अक्षर येत नव्हतं, त्या घरात लेकराच्या उशाशी कागद ठेवला जायचा, दुसऱ्या कुणीतरी येऊन लिहावं म्हणून. गावातही तेच होतं. जमीन कुणाची, वतन कुणाचं, कर्ज किती, हे कुळकर्ण्याने लिहायचं आणि आपण अंगठा उठवायचा. रात्रीच्या कुळकर्ण्याचं काम सटवाईकडं होतं. "सटवाईनं लिहिलेलं चुकत न्हाई," ही म्हण ज्याच्या फायद्याची आहे तो गावात माडीवर झोपला होता.

सोलापूरच्या पोराला हे लांबचं वाटू नये. आपल्या गावात सेटलमेंट आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींच्या लेकरांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तारेच्या आत ठेवलं, हजेरी घेतली. त्या तारेआड जन्मलेल्या लेकराच्या कपाळावरचा लेख सरकारी वहीत शाईने लिहिलेला होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती माणसं विमुक्त झाली. कायद्याने लिहिलं होतं, कायद्याने खोडलं. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे 'अक्करमाशी' (१९८४) लिहितात तेव्हा जन्माबरोबर चिकटवलेली शिवीच पुस्तकाचं नाव करतात. लेख पुसायचा असेल तर आधी तो मोठ्याने वाचावा लागतो, एवढं लिंबाळ्यांना कळलं होतं. आपल्या कवीला सटवाईचा लेख दिसतच नाही, कारण तो तिच्या पदराआड डोकं खुपसून बसला आहे.

बावीस प्रतिज्ञांत सटवाईचं नाव नाही, असा मुद्दा त्याने सात रस्त्यावर काढला होता. नाव नाही हे खरं. पण पहिली प्रतिज्ञा कुणाविषयी आहे? ब्रह्मा, विष्णू, महेश. आणि कपाळावरच्या लेखाला आपली माणसं काय म्हणतात? ब्रह्मलिखित. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात पहिल्याच वाक्याला लिहिणारा घराबाहेर काढला गेला. सटवाई ही त्याचीच लेखणी धरणारी. लेखकच गेला, आता लेखणीला कशाला पुजायचं? आणि एक बघा. याच देवीच्या नावाने नवसाचा पोरगा सटवाजी होतो आणि भांडणात बाई 'सटवी' होते. राखणदारणीच्या नावाची शिवी व्हावी, हा त्या व्यवस्थेचा न्याय. दोन्ही कवींपैकी एकाला तरी हे खुपायला हवं होतं.

मग राखणीचं काय? ती सोडून द्यायची? नाही. तिचा खरा मालक शोधायचा. सोलापूर गिरण्यांचं गाव. १८७० च्या दशकापासून इथं भोंगा वाजतोय, आणि आता बहुतेक भोंगे बंदही पडले. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची रजा नव्हती तेव्हा लेकरू झोपायचं कसं? मुंबईच्या गिरण्यांत आया अफूची गोळी देऊन लेकरं झोपवायच्या; १९२० च्या दशकातल्या पाहण्यांत त्याची नोंद आहे. त्या लेकराच्या स्वप्नाची राखण कोण करत होतं? अफू. देवी होती, दिवा होता, पण आई साच्यावर होती. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब कारखान्यातल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या बिलाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. दिवा लावून जागणाऱ्या आईची राखण पहिल्यांदा कागदावर आली ती अशी. इथं लेखणी आपल्या माणसाच्या हातात होती.

आपल्या परंपरेत हारितीची गोष्ट आहे. पाचशे लेकरांची यक्षिणी, राजगृहातली दुसऱ्यांची लेकरं खाणारी. बुद्धाने तिचं धाकटं लेकरू भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेडीपिशी होऊन हिंडली. बुद्धाने विचारलं, पाचशेतलं एक गेलं तर तुझी ही दशा, ज्यांना एकच आहे त्यांचं काय? त्या दिवसापासून ती लेकरांची राखणदारीण झाली. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी इत्सिंग लिहितो, की विहारांत तिची प्रतिमा असायची आणि तिच्यापुढं अन्न ठेवलं जायचं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती आजही पंचिकाशेजारी बसलेली आहे.

दुसऱ्या कवीने आता लगेच हारितीची आरती लिहू नये. देवी बदलून काही साधत नाही. बघायचं ते वेगळंच. हारितीने कुणाच्या कपाळावर काही लिहिलं नाही. ती बदलली ती एका सवालाने, दुसऱ्या आईचं दुःख कळल्याने. आणि अजिंठ्यात त्या मूर्तीच्या पायाशी काय कोरलंय? शाळा. छडी घेतलेला गुरुजी, पुढं मन लावून बसलेली पोरं, मागं एडक्यांच्या झुंजी लावणारी उनाड पोरं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने राखणदारणीच्या पायाशी नशिबाचा कागद न ठेवता लिहायला शिकणारी लेकरं ठेवली.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. आपण भीमजयंतीला पाळणे गातो, पाळण्यावर बाबासाहेबांचा फोटो लावतो. लावू द्या, ते प्रेम आहे. पण "बाबासाहेब स्वप्नात येऊन लेकराला राखतात" अशा ओळी आता कवितांत यायला लागल्यात. बाबासाहेबांना सटवाईच्या रिकाम्या जागेवर बसवू नका. त्यांनी जागं राहायला सांगितलं, आपल्या वाटची राखण करायचं कबूल केलं नव्हतं.

दोन्ही कविता या अंकात छापत नाही, परत पाठवतो आहे. पहिल्या मित्राने म्हातारीच्या हातातला दिवा पुन्हा पेटवावा आणि त्या उजेडात बाळंतिणीच्या ताटात काय आहे ते बघावं. दुसऱ्याने उशाशी ठेवलेला तो कोरा कागद कवितेत आणावा. कागद कोराच आहे. त्यावर लेकराने मोठं होऊन स्वतः लिहावं, तोवर दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागू नये, एवढी राखण आपल्याकडून झाली तरी पुरे. पुढच्या अंकाला दोघांची वाट बघतो.

जयभीम.