व्यवसायबदल आणि वेतन : एका डॅनिश अभ्यासाचे परीक्षण

व्यवसाय बदलणाऱ्या कामगाराचे वेतन वाढते की घटते, या प्रश्नावरील ग्रोस, कीर्शर व मानोव्स्की यांचा निबंध २०१५ साली ‘रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज’मध्ये प्रसिद्ध झाला. डेन्मार्कच्या संपूर्ण लोकसंख्येच्या सरकारी नोंदींवर तो आधारलेला आहे. बहुतेक व्यवसायांत मधल्या वेतनाचे लोक टिकून राहतात आणि दोन्ही टोकांचे लोक अधिक प्रमाणात बाहेर पडतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. कमी वेतनाचा कामगार कमी सरासरी वेतनाच्या व्यवसायात उतरतो, तर अधिक वेतनाचा वरच्या व्यवसायात चढतो. ज्या व्यवसायाची उत्पादकता झपाट्याने घसरते, तेथून मुख्यतः अधिक वेतनाचेच लोक जातात. बदलाची दिशा विचारल्याशिवाय सरासरी आकड्याला फारसा अर्थ नाही, हे या निबंधाने चांगले दाखवून दिले आहे.

आमचा आक्षेप स्पष्टीकरणाविषयी आहे. काम करता करता कामगाराला स्वतःच्या कुवतीची ओळख पटते व त्यानुसार तो आपली जागा शोधतो, असे लेखक मानतात. बेकारी भत्ता व सामूहिक वेतन करार यांचा आधार असलेल्या डेन्मार्कमध्ये हे पटण्यासारखे आहे. परंतु हेच स्पष्टीकरण आपल्याकडे लावायचे, तर व्यवसायाचे दार सर्वांना उघडे असते आणि बाहेर पडणे कामगाराच्या हाती असते, या दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात.

अहमदाबादच्या कापड गिरण्यांत दोन्ही गृहीतके कोसळतात. तेथे विणकाम खात्यात पाटीदार व मुसलमान, तर कताई खात्यात प्रामुख्याने दलित कामगार असत. विणकराचे वेतन अधिक. कांडी बदलली की धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून ‘विटाळा’च्या नावाखाली दलितांना विणकाम खाते बंद होते. मुंबईच्या गिरण्यांतही हीच रीत होती आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. एकाच आवारातील शेजारचे खाते, पण कताई कामगाराची तेथील कुवत कधी तपासलीच गेली नाही. नोंदवहीत तो केवळ ‘व्यवसाय न बदललेला’ कामगार ठरेल!

पुढे, विशेषतः १९८० व १९९० च्या दशकांत, गिरण्या बंद पडत गेल्या आणि लाखाहून अधिक कामगार बाहेर फेकले गेले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी २००४ च्या ग्रंथात त्यांचा मागोवा घेतला आहे. कोणी रिक्षा चालवू लागला, कोणी फेरीवाला झाला, कोणी रोजंदारीवर गेला. मिळकत घटली, प्रॉव्हिडंट फंड, भरपगारी रजा व कामगार विमा यांचे कवचही गेले. हा व्यवसायबदलच होता, पण त्यात स्वतःच्या कुवतीचा शोध कोणता?

यंत्रमागाकडे वळलेल्या विणकराचे उदाहरण त्याहून बोलके आहे. कम्बुरोव व मानोव्स्की यांनी २००९ साली अमेरिकेच्या आकडेवारीवरून मांडले होते की, एका व्यवसायातील पाच वर्षांच्या अनुभवाने वेतन १२ ते २० टक्क्यांनी वाढते आणि तो हिशेबात घेतल्यावर एकाच मालकाकडील सेवेला फारसे महत्त्व उरत नाही. या विणकराने व्यवसाय बदललाच नव्हता. विणण्याचा अनुभव त्याच्या हातात शाबूत होता. गेली ती गिरणी, तिची वेतनश्रेणी आणि १९२० साली स्थापन झालेल्या मजूर महाजनाने मिळवलेले करार.