कडेवर न घेतलेलं लेकरू

मराठी साहित्यात बाप शोधायला निघालं, की आधी आई भेटते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. त्यातले भाऊ, म्हणजे श्यामचे वडील, कर्जात बुडतात, घरावर जप्ती येते. पण त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते फारसं कळत नाही. १९९३ च्या ‘आमचा बाप आन् आम्ही’त नरेंद्र जाधवांचे वडील निवृत्तीनंतर स्वतः लिहायला बसतात, म्हणून तिथे बाप बोलतो.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातले सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. समीक्षेने ती शेतकऱ्याच्या दैन्याची कादंबरी म्हणून वाचली. ते खरंच आहे. मला ती बाप-लेकांचीही वाटते. सुभानरावांचा घरातला शब्द जमिनीच्या बळावर चालत आलेला. शेती परवडेनाशी झाली, की तो शब्दही उतरतो. शिकलेला एकनाथ नोकरीविना घरी. बापाचा अधिकार त्याच्याकडे येत नाही आणि स्वतःचा कमावता येत नाही.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मधला (१९५८) ओकोन्क्वो आपल्या दुबळ्या बापासारखं होण्याच्या धास्तीने न्वोये या मुलाशी कठोर वागतो आणि मुलगा हातचा जातो. त्याला माया आहे; ती दिसण्याची भीती आहे.

ही भीती मी मोताळ्यात लहानपणी पाहिली. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं लेकरू कडेवर घेणं गड्याला लाजेचं वाटे. माझ्या वडिलांनी मला घेतल्याचं आठवत नाही. पुतण्यांना मात्र घेत. तेव्हा राग यायचा. पुढे कळलं, की एकत्र कुटुंबात सगळी लेकरं घराची. आपल्याला जवळ घेणं म्हणजे दुजाभाव. ती रीत घर सांभाळायची, पण तिची किंमत बाप आणि लेकरू दोघं मोजायचे.

आज मोताळ्याच्या बसस्टँडवर लेकराचं नाक पुसणारा बाप दिसतो, आणि कोणी वळूनही पाहत नाही. एवढा मोठा बदल आमच्या ग्रामीण लेखनात अजून पुरता उतरलेला नाही. तिथे बाप बहुतेकदा कर्जाचा आकडा होऊन येतो किंवा हरलेला येतो. कर्ज खरं आहे, हारही खरी आहे. पण तोच माणूस संध्याकाळी लेकराला खांद्यावर घेऊन घरी जातो, हेही तितकंच खरं. ते कोणी लिहिलं नाही, तर उद्याच्या वाचकाला वाटेल, की आमच्याकडच्या बापांना माया नव्हतीच.