आसनातला तो महाकाय

रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ (१९७९) श्रेयनामावलीपासूनच प्रेक्षकाला आपल्या लयीत बांधून घेतो. कॅमेरा अवकाशातल्या काळोखात एका ग्रहावरून संथ सरकत असतो आणि पडद्याच्या वरच्या भागात पांढऱ्या रेघा एकेक करून उमटू लागतात. ही अक्षरं आहेत हे बराच वेळ कळतही नाही. शीर्षक पुरं होईपर्यंत आपण ते मनातल्या मनात जुळवू लागलेले असतो. अर्धं दाखवायचं आणि उरलेलं बघणाऱ्याकडून भरून घ्यायचं, हा या चित्रपटाचा स्वभाव त्या चार-सहा रेघांतच प्रकट होतो. पुढच्या चित्रपटांनी चाहत्यांना का दुखावलं, ते समजायला हा स्वभाव आधी नीट पाहायला हवा.

त्याचं सर्वांत श्रीमंत उदाहरण म्हणजे परक्या जहाजातलं दालन. ‘नॉस्ट्रोमो’ या यानावरचे डॅलस, केन आणि लँबर्ट तिथं पोचतात आणि मधोमध एका प्रचंड आसनात एक महाकाय बसलेला दिसतो. दुर्बिणीसारख्या अवजड यंत्रामागं तो रेललेला आहे. आसन कुठं संपतं आणि शरीर कुठं सुरू होतं, ते सांगता येत नाही. स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांची ही निर्मिती. हाडं आणि यंत्र यांना एकाच द्रव्यातून घडवण्याची त्यांची हातोटी इथं अशी काही साधली आहे, की डॅलसलाही तो खुर्चीतूनच उगवल्यासारखा वाटतो. आपण त्याच्या म्हणण्याला मान डोलावतो, कारण डोळ्यांना तेच दिसत असतं.

एवढ्याशा प्रसंगासाठी इतका खर्च कशाला, म्हणून स्टुडिओ का-कू करत होता. ते नेपथ्य भव्य होतंच, पण स्कॉट यांना तेवढ्यानं भागणार नव्हतं. त्यांनी अंतराळवीरांचे छोटे पोशाख करवून घेतले आणि दूरच्या दृश्यांसाठी ते आपल्या दोन मुलांना आणि छायालेखक डेरेक व्हॅनलिंट यांच्या मुलाला घातले. माणसं लहान झाली आणि न वाढवताच तो महाकाय कितीतरी मोठा झाला. पुढच्या वेळी हे दृश्य पाहताना आसनाभोवती चढणाऱ्या त्या आकृत्यांच्या हालचाली निरखा. त्यांत किंचित अडखळलेपण आहे आणि परक्या जागी पाऊल टाकणाऱ्या माणसाला ते शोभून दिसतं. युक्तीचा असा दुहेरी लाभ क्वचितच होतो.

आता सर्वांत बारीक जागा. सांगाडा न्याहाळताना डॅलसच्या लक्षात येतं, की फासळ्या आतून बाहेर वाकल्या आहेत. एवढं बोलून तो पुढं सरकतो. नंतर जेवणाच्या टेबलावर केनची छाती फोडून एक भीषण जीव बाहेर येतो तेव्हा त्या वाकलेल्या फासळ्यांचा अर्थ आपल्याला लागतो, पण पडद्यावरचं एकही पात्र तसं बोलून दाखवत नाही. जहाजातून येणारा संदेश मदतीची हाक नसून धोक्याची सूचना असावी, असं त्यांची सहकारी रिप्ली हिला वाटतं. ती सूचना कुणी, कुणासाठी दिली होती? चित्रपट त्या महाकायाकडं पुन्हा वळतच नाही. आपल्या साहित्यशास्त्रात ज्याला व्यंजना म्हणतात, ती इतक्या संयमानं वापरलेली विज्ञानपटांत मला तरी दुसरीकडं आढळलेली नाही.

जेम्स कॅमेरून यांचा ‘एलियन्स’ (१९८६) चाहत्यांनी डोक्यावर घेतला तो उगाच नव्हे. त्यांनी रसच बदलला, भयानकाकडून वीराकडं नेला. माग काढणाऱ्या उपकरणावर शत्रूचं अंतर घटत घटत खोलीच्या आत येतं, तरी खोली रिकामीच. मग कुणाला तरी छताची आठवण होते. आकडा अचूक सांगूनही दिशा लपवण्याची ही करामत खास. आणि त्या सांगाड्याकडं कॅमेरून फिरकतही नाहीत.

डेव्हिड फिंचर यांच्या ‘एलियन ३’नं (१९९२) ‘एलियन्स’मधून वाचलेली छोटी न्यूट आणि सैनिक हिक्स यांना श्रेयनामावलीतच मारून टाकलं. दोन तास जीव मुठीत धरून जिला वाचवताना पाहिलं, त्या मुलीचा असा निकाल लावला जाणं मला आजही सलतं. त्या चित्रपटातलं उदास, करपलेल्या रंगांचं छायाचित्रण सुंदर असूनही सलतं.

पण खरी जखम ‘प्रोमिथियस’ची (२०१२), कारण ती खुद्द स्कॉट यांच्या हातून झाली. आसनातला तो कोण, हे मधल्या कुणीच विचारलं नाही याचं त्यांना नवल वाटे. उत्तर त्यांनीच दिलं. ग्रह दुसरा आणि जहाजही दुसरं, पण आसन तेच. सोंड वाटत होती ती शिरस्त्राणाची नळी निघाली आणि फासळ्यांचा तो पिंजरा अंगावरचा पोशाख. आत एक उंच, गोरटेला, माणसासारखाच माणूस! ज्याला थोर करण्यासाठी एकेकाळी मुलांना पोशाख चढवले, त्याचाच पोशाख उतरवून त्याला लहान केलं. वाच्यार्थ हाती आला, अद्भुत गेलं.

तरीही त्या चित्रपटात दोन जागा पहिल्या तोलाच्या आहेत. आइसलँडमधल्या डेटिफॉस धबधब्याच्या काठी तो गोरा पुरुष काहीतरी पितो, त्याचं शरीर विरघळत प्रवाहात मिसळतं, आणि त्याला हे का करावं लागलं ते कुणी सांगत नाही. दुसरी जागा नकाशाच्या दालनातली. बासरीसारख्या वाद्याचे सूर निघतात, तारे-ग्रहांचा पसारा हवेत उलगडतो आणि डेव्हिड हा यंत्रमानव त्यातली पृथ्वी ओंजळीत धरतो. मायकल फासबेंडर यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं, त्याला यंत्राचं म्हणावं की मुलाचं, हे अनेकदा पाहूनही मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही जागा निःशब्द आहेत.

‘एलियन : कव्हनंट’ (२०१७) पुढची पायरी गाठतो. डेव्हिडच्या दालनातली चिकित्सक, थंड रेखाटनं थांबवून पाहावीत इतकी देखणी आहेत. मात्र ती पाहता पाहता आपल्याला सांगितलं जातं, की ते भीषण जीव या यंत्रमानवानंच प्रयोग करत घडवले. ही कथा २१०४ सालची. नॉस्ट्रोमोची सफर त्यानंतर वीस वर्षांच्या आतली. आणि त्या सफरीत, मुलांच्या आकृत्यांशेजारी तो महाकाय बसला होता तेव्हा डॅलसनं त्याला पाहून सांगितलं होतं, की हा मरून फार काळ लोटलाय, याचा पार दगड झालाय.