टॉवरला ओसरी असते का?

मुंबईच्या टॉवरांवर व्याख्यान, आणि ते कुंडलमध्ये कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण सातारा-सांगलीकडच्या किती घरांतला एक तरी माणूस गिरणीत होता, हे इथं वेगळं सांगायला नको. लोअर परळला आज जिथं टॉवर आहेत, तिथल्या साच्यांवर आपल्याच माणसांनी पाळ्या केल्या. तेव्हा त्या इमारती बऱ्या की वाईट, हे बोलायचा हक्क आपल्यालाही आहे.

आता, उंच म्हणजे वाईट असं माझं म्हणणं नाही. मुंबईतच एक उंच इमारत अशी आहे की जिच्यावरून बाकीच्यांचं माप घेता येतं. कंबाला हिलवरची कांचनजंगा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. १९८३ साली ती पुरी झाली. २८ मजले, ८४ मीटर उंची, आणि फ्लॅट फक्त ३२.

तिथं अडचण काय होती बघा. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही तिकडंच. पण दुपारनंतरचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. घराचं तोंड पश्चिमेला केलं तर घर तापतं आणि भिजतं. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय काढला होता, चहूबाजूंनी व्हरांडा. आपल्याकडं ओसरी तेच काम करते. ऊन-पाऊस बाहेर अडतो, वारा तेवढा आत येतो. कोरियांनी ती ओसरी उचलून वर नेली. इमारतीचे कोपरे कोरून तिथं दोन-दोन मजले उंचीच्या बागा केल्या. लांबून दिसणारे ते मोठे चौकोनी खाचे शोभेचे नाहीत, हवामानाला दिलेलं उत्तर आहे ते.

दोषही सांगितला पाहिजे. ही युक्ती लाभली ३२ श्रीमंत कुटुंबांना. पुढं ती साध्या माणसाच्या घरापर्यंत उतरायला हवी होती, तशी ती उतरली नाही. उलट श्रीमंतांच्या टॉवरांनीही ती सोडली आणि काच घेतली.

श्रीनिवास मिलच्या जागेवरचा वर्ल्ड वन घ्या. २८० मीटर उंच. बांधणीचं कसब मोठं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण अंगभर काच! थंड देशात काचेतून ऊन आत घेणं ही चैन नाही, गरज आहे. मुंबईत तेच ऊन आत आलं की एसी लावून बाहेर काढावं लागतं. म्हणजे आधी भिंत चुकवायची आणि मग आयुष्यभर वीजबिल भरायचं. शिवाय परळ-वरळीच्या कितीतरी टॉवरांत खालचे मजलेच्या मजले गाड्यांना दिलेत. रस्त्यावरनं चालणाऱ्याला ना खिडकी दिसते, ना दुकान, ना बसायला कट्टा.

आणि ही जमीन मोकळी कशी झाली? १९९१ च्या नियमात गिरणीच्या जागेचे तीन वाटे होते. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. गंमत अशी, की १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार करायला नेमलेल्या समितीचे प्रमुख कोरियाच होते. अहवाल बाजूला पडला, आणि एकेक गिरणी सुटी सुटी विकली गेली. म्हणून माझ्या मते परळच्या टॉवरांचा पहिला दोष नकाशात नाही, जमिनीच्या वाटणीत आहे.

दुसरी बाजूही बघू. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ४० मजली टॉवरांत घरं मिळाली. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत, घरातच संडास-बाथरूम. ज्यांनी सामाईक संडासापुढं रांगा लावल्यात, त्यांना चाळीचं कौतुक ऐकवू नये. पण ते टॉवर चांगले की नाही, हे किल्ल्या वाटायच्या समारंभात ठरत नाही. ते ठरेल दहा वर्षांनी. लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च झेपतोय का? लिफ्ट बंद पडली तर वरच्या मजल्यावरची म्हातारी खाली येणार कशी? दाराबाहेर चार माणसं बसतील एवढी जागा तरी आहे का?

हे मुंबईपुरतं राहिलेलं नाही मंडळी. आपल्या तालुक्यांच्या गावांतही आता दर्शनी भागाला काच लावून अपार्टमेंट उभी राहतायत. फ्लॅट बुक करताना आपण फरशी बघतो, मॉड्युलर किचन बघतो. त्याआधी बिल्डरला तीन गोष्टी विचारा. दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं, वारा कुठनं शिरतो आणि कुठनं बाहेर पडतो, आणि लाईट गेल्यावर या घरात बसता येईल का? उत्तर देता आलं नाही, तर घर किती का मजल्यावर असेना, ते नीट बांधलेलं नाही असं खुशाल समजा.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.