उसाच्या पेशीतली दुरंगी वंशावळ

कळंबच्या शिवारात उसावर बोलणं निघालं की ते टनेज, उतारा आणि पाणीपाळीवर येऊन थांबतं. शेजारी वालचंदनगरचा कारखाना १९३०च्या दशकात उभा राहिला, तेव्हापासूनची ही भाषा. मला मात्र उसाचं एक चित्र फार आवडतं. ते काढलं आहे मुळाच्या टोकातल्या एकाच पेशीचं.

१९९६ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी रियुनियन बेटावरच्या ‘आर ५७०’ वाणाची गुणसूत्रं अशी रंगवून दाखवली. तंत्र असं: गोड जाड ऊस आणि नदीकाठचं रानटी कास गवत, या दोन पूर्वजांच्या डीएनएला वेगवेगळे चमकणारे रंग जोडायचे. मग उष्णतेने साखळ्या उकलायच्या आणि ज्याला त्याला आपली जोडी शोधू द्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली शंभरावर गुणसूत्रं उजळतात. माणसात ती ४६ असतात. अशा चित्रांत गोड उसाला सहसा नारिंगी रंग देतात, रानटीला हिरवा. रंग संशोधकांच्या पसंतीचे, प्रमाण मात्र उसाचं स्वतःचं.

आणि प्रमाणातच गंमत आहे. नारिंगी जवळपास ऐंशी टक्के, निखळ हिरवी दहाएक टक्के. या प्रमाणामागे संकराचा इतिहास आहे. कोईमतूरला बार्बर आणि वेंकटरामन या ऊस-पैदासकारांनी रानटी गवताशी संकर करून १९१८मध्ये ‘को २०५’ हा वाण दिला. त्यात काटकपणा आला. साखरेसाठी मात्र पुढच्या पैदासकारांनी संकराला पुन्हापुन्हा गोड उसाकडे वळवलं. शिवाय गोड आणि रानटी यांच्या संकरात गोड आई आपली ऐंशीच्या ऐंशी गुणसूत्रं संततीला देते, निम्मी नव्हे. साखरेचा हा सगळा आग्रह त्या नारिंगी गर्दीत उघड दिसतो.

पण नजर खिळते ती उरलेल्या दहाएक टक्क्यांवर. एकाच गुणसूत्राचं एक टोक नारिंगी, दुसरं हिरवं! दोन कुळं इथे नुसती शेजारी राहिलेली नाहीत, त्यांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. माझ्या मते चित्राचा प्राण या दुरंगी कांड्यांत आहे.

२०२४मध्ये याच वाणाचा जनुकसंच अक्षर-अक्षर वाचून झाला. त्यात तपशील अफाट, पण तो असा एका नजरेत मावत नाही. चित्रालाही मर्यादा आहेतच. कुठला तुकडा कुणाकडून आला, एवढंच ते सांगतं. पाण्याचा ताण पडल्यावर त्यातलं कोणतं जनुक जागं होतं, हे कळायला त्याच उसाच्या पेशीतला आरएनए मोजावा लागतो.