‘सोकालो’ : चौथरा की चौक?

मेक्सिको नगरीच्या मध्यवर्ती चौकाविषयी लिहिणारे बहुतेक लेखक एका विधानापाशी हटकून येतात. या चौकास ‘सोकालो’, म्हणजे ‘चौथरा’, म्हणतात. कारण तेथे योजिलेले स्मारक चौथऱ्यापलीकडे गेलेच नाही. आणि म्हणून हे नाव त्या राष्ट्राच्या अपुऱ्या राहिलेल्या संकल्पांचे प्रतीक होय. यातील पहिला भाग इतिहासाला धरून आहे. १८४३ साली सांता आन्ना याच्या आज्ञेने स्वातंत्र्यस्मारकाचे काम सुरू झाले. लोरेन्सो दे ला इदाल्गा याच्या आराखड्यातील चौथरा तेवढा बांधून झाला. पुढे तोही जमिनीखाली गेला आणि त्याचे अवशेष २०१७ साली पुन्हा हाती आले. प्रतीकाची गोष्ट मात्र व्युत्पत्तीलाच अर्थ मानण्याच्या सवयीतून आलेली आहे.

व्युत्पत्तीच प्रमाण मानावयाची, तर चौथऱ्यापाशीच का थांबावे? स्पॅनिश ‘सोकालो’ हा इटालियनमधून आला आणि त्याच्या मुळाशी पादत्राणवाचक लॅटिन शब्द आहे. त्या चौकाला पादत्राणाचे प्रतीक अद्याप कोणी म्हटलेले नाही! निर्णायक पुरावा तर राजधानीबाहेरचा आहे. पुएब्ला, ओआहाका येथील मुख्य चौकांसही सोकालोच म्हणतात. राजधानीतील त्या चौथऱ्याशी या चौकांचा काही संबंध नाही. तेथे पोहोचला तो केवळ शब्द, आणि तोही ‘गावाचा मुख्य चौक’ हा नवा अर्थ घेऊन.

मराठी वाचकास येथे मुंबईचा ‘काळा घोडा’ आठवेल. तेथील पुतळा १९६५ साली हलविला गेला, तरी नाव राहिले. परंतु हे साम्य वरवरचे आहे. काळा घोडा हे विशेषनामच राहिले, त्याचे सामान्यनाम झाले नाही. आपला ‘कट्टा’ हा शब्द सोकालोला अधिक जवळचा. दगडी बैठकीचा वाचक असलेला हा शब्द आज मंडळी जमण्याच्या जागेस, किंबहुना जमण्यासच, लावला जातो. तेथे प्रत्यक्ष कट्टा असावाच लागतो असे नाही.

चौकाच्या अधिकृत नावाकडे प्रतीकवाद्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. वस्तुतः खरी नवलाई तेथे आहे. ‘संविधान चौक’ या अर्थाच्या त्या नावातील संविधान मूळचे मेक्सिकोचे नव्हेच. ते स्पेनच्या संसदेने कादिस येथे १८१२ साली संमत केलेले. मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला, पुढे त्याची स्वतःची संविधाने १८२४, १८५७ आणि १९१७ साली झाली. नाव तेच राहिले आणि त्याचा निर्देश मात्र पालटत गेला. परसत्तेने दिलेले नाव स्वतंत्र राष्ट्राने असे मुकाट्याने आपलेसे करून घेतले.

राजसत्तेनेही अखेर लोकांचा शब्द स्वीकारला. भुयारी रेल्वेच्या स्थानकास ‘सोकालो’ हेच नाव मिळाले. २०२१ साली त्यास ‘तेनोच्तित्लान’ हे जोडनाव देण्यात आले. स्पॅनिशांनी १५२१ मध्ये उद्ध्वस्त केलेल्या नगरीचे हे नाव. ते पाटीवरून बोलण्यात उतरते की नाही, हे आता प्रवाशांच्या हाती आहे.