‘ताबा’ आणि ‘स्थलांतरित’ : ब्रिटनच्या संघत्यागातील दोन शब्दांची चिकित्सा

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये जे सार्वमत घेण्यात आले, त्याच्या मतपत्रिकेवर ‘स्थलांतर’ हा शब्द नव्हता; ‘रोजगार’ हाही नव्हता. संयुक्त राज्याने युरोपीय संघाचे सदस्य राहावे की संघ सोडावा, एवढाच प्रश्न तीवर विचारलेला होता. ह्या प्रश्नाच्या शब्दयोजनेविषयी मोठी दक्षता घेतली गेली होती, हे नमूद केले पाहिजे. मूळ मसुद्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर अपेक्षित होते. परंतु अशा प्रश्नाने मतदाराचा कल नकळत होकाराकडे झुकण्याचा संभव असतो, म्हणून ‘राहावे’ आणि ‘सोडावे’ असे दोन समतोल पर्याय ठेवावेत अशी शिफारस तेथील निवडणूक आयोगाने २०१५ मध्ये केली व ती मान्य झाली. भाषेच्या अभ्यासकास समाधान वाटावे अशीच ही गोष्ट आहे. तथापि पारख झाली ती मतपत्रिकेवरील शब्दांची. जे शब्द मनात घेऊन मतदार मतदानकेंद्रात शिरला, त्यांची पारख करण्याचे काम कोणत्याही आयोगाकडे नव्हते. निर्णय झाला तो ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के अशा निसटत्या बहुमताने. आणि तो घडविण्यात मतपत्रिकेबाहेरच्या ह्या शब्दांचा वाटा लहान नव्हता.

ह्या घटनेसंबंधी मराठीत जे लिहिले जाते, आणि आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या निबंधांतून जे पुन:पुन्हा वाचावयास मिळते, ते सामान्यत: दोन प्रकारचे असते. एका प्रकारात संघत्यागाचे मूळ परकीयद्वेषात शोधले जाते, तर दुसऱ्यात नोकऱ्यांच्या टंचाईत. दोहोंतही तथ्याचा अंश आहे. परंतु दोन्ही प्रकारचे लेखक ‘स्थलांतरित’ हा एकच एक, एकजिनसी वर्ग आहे असे धरून चालतात, आणि नेमके तेथेच त्यांचे विवेचन फसते. संघत्यागाच्या बाजूच्या प्रचारकांनी ज्या संदिग्धतेवर आपले यश उभारले, तीच संदिग्धता त्यांच्या टीकाकारांनीही निमूटपणे उचललेली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम घोषणेकडे वळू. ‘टेक बॅक कंट्रोल’ ही संघत्यागवाद्यांची घोषणा तीन शब्दांची आहे. तिचे मराठी करू गेल्यास पहिलीच अडचण अशी येते की, ‘ताबा परत घ्या’ असे म्हणताच ऐकणारा विचारतो, ‘कशाचा?’ आपल्या भाषेत ताबा हा घराचा असतो, जमिनीचा असतो, फार तर स्वत:च्या जिभेवरचा असतो. निराधार ताबा आपल्या कानास अपुरा वाटतो. इंग्रजीतील त्या वाक्यात मात्र हे षष्ठ्यन्त पद गाळलेले आहे, आणि त्याची उणीव भासत नाही. ज्याने त्याने आपापले पद मनातल्या मनात भरावे अशी ती रचना आहे. कोणी सीमा म्हणावे, कोणी पैसा, कोणी कायदे, कोणी आपल्या गावातील दवाखान्यासमोरची रांग. दुसरा विशेष मधल्या शब्दाचा. ‘परत’ ह्या अर्थाचा तो शब्द काहीही सिद्ध न करता एक विधान करून जातो: ताबा पूर्वी आपल्याकडे होता आणि मध्यंतरी तो कोणीतरी काढून घेतला. गृहीतक हे विधानापेक्षा बळकट असते, कारण त्यास नाकारावयाचे तर आधी त्याकडे बोट दाखवावे लागते. विरोधी पक्ष आर्थिक नुकसानीचे आकडे मांडीत राहिला. त्या मधल्या शब्दाकडे त्याने बोट दाखविले नाही.

आता ‘स्थलांतरित’ ह्या शब्दाकडे येऊ. २०१६ च्या ब्रिटनमध्ये ह्या एका नावाखाली कायद्याच्या दृष्टीने तीन अगदी वेगळ्या व्यक्ती वावरत होत्या. पहिली व्यक्ती संघातील अन्य देशाचा नागरिक. हा हक्काने येत असे; त्यास कोणाची परवानगी लागत नसे. दुसरी व्यक्ती संघाबाहेरच्या देशाचा, उदाहरणार्थ भारताचा, नागरिक. हा शासनाने दिलेल्या परवान्यावर येई, आणि तो परवाना देणे अथवा न देणे हे पूर्वीपासून सर्वस्वी ब्रिटिश शासनाच्याच हाती होते. तिसरी व्यक्ती आश्रयार्थी. तिचा संबंध निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराशी. संघ सोडल्याने ज्याचा कायदेशीर दर्जा सरळ बदलणार होता, तो ह्या तिघांपैकी पहिला एकटाच.

ही पहिली व्यक्ती ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने आली ती २००४ नंतर. त्या वर्षी पूर्व व मध्य युरोपातील आठ राष्ट्रे संघात आली, आणि जुन्या सदस्यांपैकी ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन ह्या तिघांनीच आपली श्रमबाजारपेठ त्यांस तत्काळ खुली केली. शासनासाठी त्यापूर्वी तयार केलेल्या एका अहवालात वर्षाकाठी ५,००० ते १३,००० माणसांची निव्वळ भर पडेल असा अंदाज होता. जर्मनीसारखे मोठे देशही आपली दारे त्याच वेळी उघडतील असे त्यात गृहीत धरलेले होते. ती दारे उघडली नाहीत, आणि प्रत्यक्ष संख्या अंदाजाच्या कित्येक पटींनी पुढे गेली. पुढे लोकांच्या स्मरणात आकडा राहिला, त्याची अट राहिली नाही. तज्ज्ञांच्या शब्दावरील विश्वास उडण्यास ही एक घटना पुष्कळ कारणीभूत झाली असावी. लिंकनशायरमधील बॉस्टन ह्या शेतीप्रधान गावी २०११ च्या शिरगणतीत सुमारे दहा टक्के रहिवासी ह्या नव्या सदस्यदेशांत जन्मलेले होते. दहा वर्षांपूर्वी तेथे असे लोक जवळजवळ नव्हतेच. ह्या बॉस्टनने ७५ टक्क्यांहून अधिक मते संघत्यागाच्या बाजूने दिली. ह्या मतास केवळ द्वेष म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण भाजीपाल्याच्या शेतीवर चालणाऱ्या एका लहान गावाचे रूप एका दशकात पालटले, ह्या अनुभवास ‘द्वेष’ हे नाव पुरेसे नाही. उलट, परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण ज्या लंडनमध्ये सर्वांत अधिक, तेथे सुमारे साठ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने पडली. म्हणजे माणसांची संख्या आणि मताचा कल ह्यांचा सरळ संबंध नव्हता. बदलाचा वेग हीच बोचणारी गोष्ट होती.

असे असता प्रचाराने ह्या तिघांची सरमिसळ कशी केली, ह्याचा नमुना म्हणून मतदानापूर्वी आठवडाभर आधी युनायटेड किंगडम इंडिपेन्डन्स पार्टीने प्रसिद्ध केलेले भित्तिपत्रक पाहावे. त्यावर माणसांची एक लांबच लांब रांग होती आणि सहनशक्तीचा अंत झाल्याचे शब्द. छायाचित्र २०१५ मधील, क्रोएशिया व स्लोव्हेनिया ह्यांच्या सीमेवरील निर्वासितांचे होते. ह्या माणसांस संघातील मुक्तसंचाराचा हक्क मुळी नव्हताच. चित्र तिसऱ्या व्यक्तीचे, आणि त्याखाली मागणी पहिल्या व्यक्तीचा हक्क काढून घेण्याची! संघाबाहेर पडल्याने ही रांग एका माणसानेही कमी होणार नव्हती.

दुसऱ्या व्यक्तीलाही आश्वासने मिळाली. युरोपीयांचा ओघ थांबला की दक्षिण आशियातून आचारी आणणे सुलभ होईल, असे उपाहारगृहांच्या बांगलादेशी मालकांस प्रचारकाळात सांगण्यात आले. २०१८ च्या नोव्हेंबरात तर पंतप्रधान थेरेसा मे ह्यांनी उद्योगपतींपुढे बोलताना, युरोपीय नागरिकांस सिडनीच्या अभियंत्याच्या अथवा दिल्लीच्या संगणकतज्ज्ञाच्या पुढे रांगेत घुसता येणार नाही, अशा आशयाचे विधान केले. ज्यांनी कायद्याने दिलेला हक्क बजावला, त्यांच्यावर ह्या एका क्रियापदाने बेशिस्तीचा आरोप ठेवला गेला. त्याबद्दल मे ह्यांना पुढे खेद व्यक्त करावा लागला. आपल्याकडे मात्र दिल्लीच्या उल्लेखाने हुरळून गेलेलेही काही दिसले. असो.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले, आणि १ जानेवारी २०२१ पासून गुणांकांवर आधारलेली नवी व्यवस्था सुरू झाली. परिणाम सर्वज्ञात आहे, पण त्याचा अर्थ नीट लावला जात नाही. सार्वमताच्या सुमारास निव्वळ स्थलांतर वर्षाला तीन लाखांच्या आसपास होते. २०२३ च्या पूर्वार्धात संपणाऱ्या बारा महिन्यांत ते नऊ लाखांच्या वर गेले. युरोपीयांच्या बाबतीत येणाऱ्यांहून जाणारे अधिक झाले. त्यांच्या जागी भारत, नायजेरिया इत्यादी देशांतील विद्यार्थी, परिचारक व त्यांची कुटुंबे आली. युक्रेन व हाँगकाँग येथून आलेल्यांची भर वेगळी. ह्यास ताबा सुटल्याचे लक्षण समजणे ही चूक आहे. ह्यांतील बहुतेक प्रत्येक माणूस शासनाने स्वत: दिलेल्या परवान्यावर आलेला होता. ताबा हाती आला आणि आकडा वाढला. कारण ‘ताबा’ ह्या शब्दाचा अर्थ ‘घट’ असा कोणत्याही कोशात नाही. मतदाराने तो तसा घेतला, आणि त्यास तो तसा घेऊ देण्यात आला.

रोजगाराच्या बाबतीत असाच एक शब्द निर्णायक ठरला, तो म्हणजे ‘कौशल्य’. युरोपीय कामगारांमुळे स्थानिकांच्या रोजगारावर व वेतनावर झालेला एकूण परिणाम अल्प आहे, असा निष्कर्ष शासनाच्याच स्थलांतर सल्लागार समितीने सप्टेंबर २०१८ मध्ये काढला होता. ज्यांच्या जाण्याने जागा रिकाम्या होऊन स्थानिकांस मिळतील असे म्हटले जात होते, त्यांच्या अनुपस्थितीचा प्रत्यय २०२१ च्या शरदात आला. महासाथीने आधीच विस्कटलेल्या वाहतुकीत मालमोटारींचे चालक अपुरे पडले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि शासनास ५,००० चालक व ५,५०० कुक्कुटपालन कामगार ह्यांच्यासाठी तात्पुरते परवाने जाहीर करावे लागले. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारकांची कथा ह्याहून उद्बोधक आहे. २०२१ च्या नियमांत त्यांचे काम ‘कुशल’ ह्या व्याख्येत बसत नव्हते; फेब्रुवारी २०२२ मध्ये ते परवान्यास पात्र ठरले; मार्च २०२४ मध्ये त्यांस कुटुंब आणण्याची मनाई झाली; आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नव्याने भरती करण्याची वाटच बंद करण्यात आली. ह्या साडेचार वर्षांत अंथरुणास खिळलेल्या वृद्धास कूस पालटून देण्याच्या कामात काडीचाही फरक पडलेला नव्हता. शब्दाचा अर्थ काळाच्या ओघात बदलतो, हे आम्ही वर्गात शिकवितो. अधिसूचनेने तो तीनदा बदलताना पाहण्याचा योग क्वचित येतो.

लोकांच्या वृत्तीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. सार्वमताच्या महिन्यात जवळजवळ निम्म्या ब्रिटिशांनी स्थलांतर हा देशापुढील महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक असल्याचे सांगितले होते. त्यानंतर ही चिंता झपाट्याने ओसरली आणि २०२० च्या सुमारास दहांत एकाच्या आसपास आली. ह्या काळात कायदा बदललेला नव्हता. मुक्तसंचार २०२० च्या अखेरपर्यंत चालूच होता. नियम तेच असताना चिंता मावळली, ह्याचा अर्थ ती केवळ आकड्यांशी बांधलेली नव्हती. आपले म्हणणे एकदा ऐकले गेले ह्या जाणिवेने अनेकांचे समाधान झाले, हे सर्वत्र दिले जाणारे स्पष्टीकरण मला अर्धेच पटते. त्याच सार्वमतानंतरच्या जुलै महिन्यात इंग्लंड व वेल्समध्ये वांशिक अथवा धार्मिक आकसाच्या गुन्ह्यांची नोंद आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी अधिक झाली. बहुसंख्यांची वृत्ती मवाळ होत असताना मूठभरांस चेव चढला, असे दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाहत होते. सरासरीच्या आकड्यात दुसरा दिसत नाही. पुढे खाडी ओलांडून येणाऱ्या लहान होड्यांचे चित्र रोज समोर येऊ लागले आणि चिंता परतली. २०२२ मध्ये अशा होड्यांतून सुमारे ४५,००० माणसे आली. परवान्यावर आलेल्या लाखोंच्या मानाने ही संख्या थोडी. परंतु भित्तिपत्रकावरील ती तिसरी व्यक्ती आता खरोखरच किनाऱ्यावर उतरताना दिसत होती. ऑगस्ट २०२४ च्या दंगलींत जमावाने आश्रयार्थींच्या निवासस्थानांवर हल्ले केले. २०२५ च्या मध्यास संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर सुमारे दोन लाखांवर उतरले असतानाही लोकांची चिंता मात्र उतरली नाही.

हे वर्गीकरण किती ठिसूळ आहे हे पाहण्यासाठी आपणांस फार दूर जावयास नको. गोमंतकीयांचेच उदाहरण पुरेसे आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस आणि त्यांच्या मुलानातवंडांस पोर्तुगीज नागरिकत्व नोंदविण्याचा मार्ग त्या देशाच्या कायद्याने खुला ठेवला होता. त्या आधारे हजारो गोमंतकीय ‘युरोपीय’ ह्या नात्याने ब्रिटनमध्ये गेले; त्यांची एक मोठी वसाहत स्विंडन ह्या औद्योगिक नगरात आहे. (ह्या नगरानेही सुमारे ५५ टक्के मते संघत्यागास दिली. तेथील होंडाचा मोटारकारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला; कंपनीने त्याचे कारण संघत्याग नसल्याचे सांगितले.) जन्मस्थान भारत, नागरिकत्व पोर्तुगाल, घरची बोली कोकणी: शेजाऱ्याच्या डोळ्यांस हा आशियाई दिसे, कायद्यास युरोपीय, आणि संख्याशास्त्रज्ञ त्यास जन्मदेशाच्या तक्त्यात एकीकडे व नागरिकत्वाच्या तक्त्यात दुसरीकडे मोजी. आमच्या वृत्तपत्रांत तो ‘परदेशस्थ भारतीय’ म्हणून वावरे. हेही चूकच होते, कारण पोर्तुगीज नागरिकत्व घेताच आपल्या कायद्यानुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात आलेले असे.

ब्रिटनमध्ये परवान्यावाचून काम करता यावे, ह्याच हेतूने बहुतेकांनी तो व्यवहार केला होता. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी जो स्विंडनला पोहोचला, त्यास वसाहत योजनेखाली अर्ज करून राहण्याचा हक्क टिकविता आला. त्याचा जो भाऊ त्या तारखेपर्यंत पोहोचू शकला नाही आणि ज्याने भारतीय पारपत्र आधीच परत केलेले होते, तो आता ब्रिटनच्या दारात दिल्लीच्या त्या संगणकतज्ज्ञाच्याच रांगेत उभा आहे, आणि गोव्यात आपल्या घरी परतताना परकीय नागरिक म्हणून आपली कागदपत्रे दाखवितो.